विंडोज सर्व्हर टाकताना डिस्कच दिसत नाही? स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर लोड करण्याआधी आणि करताना काय तपासायचं

सर्व्हर बसवण्याच्या कामात एक फोन मला वारंवार येतो. सेटअप भाषा विचारतो, एडिशन विचारतो, अटी मान्य करून घेतो आणि विंडोज कुठे टाकायचं या पानावर येऊन अडतो. पलीकडचा माणूस म्हणतो, "दादा, ड्रायव्हर पाठवा ना." ड्रायव्हर पाठवायला हरकत काहीच नसते, पण पुष्कळदा तिथे ड्रायव्हरचा प्रश्नच नसतो, कंट्रोलरवर (डिस्क ज्याला जोडतात त्या कार्डावर किंवा चिपवर) डिस्क तयारच केलेली नसते. म्हणून मी आधी लक्षणं विचारतो. पुढचा क्रम तोच आहे: आधी फुकटचं आणि पाच मिनिटांचं, मग वेळखाऊ, आणि सगळ्यात शेवटी झाकण उघडून करायचं काम.

तुमचं लक्षण नेमकं कोणतं?

- डिस्कची यादी पूर्ण कोरी आहे आणि खाली "एकही ड्राइव्ह सापडली नाही, स्टोरेज ड्रायव्हरसाठी लोड ड्रायव्हर दाबा" अशा अर्थाचा संदेश आहे.
- यादीपर्यंत पोहोचायच्या आधीच, "इन्स्टॉल नाऊ" दाबल्यावर लगेच, "मीडिया ड्रायव्हर मिसिंग" असं येतं. हे लक्षण वेगळं आहे, खाली वेगळं सांगतो.
- लोड ड्रायव्हर दाबून फोल्डर दाखवला, तरी योग्य किंवा साइन केलेला ड्रायव्हर सापडला नाही असं उत्तर येतं.
- ड्रायव्हर लोड होतो, चूक काही दाखवत नाही, पण यादी कोरीच राहते.
- मिरर केलेली (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी) एक डिस्क दिसायला हवी, तिथे दोन सुट्या डिस्क दिसतात.
- डिस्क दिसते, पण "या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही" असं म्हणते.
- इन्स्टॉलेशन पूर्ण होतं आणि पहिल्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते: इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, स्टॉप कोड ७बी.

"बायॉसमध्ये डिस्क दिसते, मग सेटअपमध्ये का नाही?" हा प्रश्न हमखास येतो. बायॉस किंवा युईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, कंट्रोलरशी स्वतःच्या फर्मवेअरमधून बोलतं. पेनड्राइव्हवरून विंडोज पीई, म्हणजे सेटअप चालवणारं छोटं विंडोज, एकदा रॅममध्ये चढलं की ते फर्मवेअरला बाजूला सारतं आणि स्वतःचे ड्रायव्हर वापरू लागतं. त्याच्याकडे फक्त तो आयएसओ (इन्स्टॉलेशनची इमेज फाइल) बनला तेव्हाचे ड्रायव्हर असतात. सर्व्हर २०१६ च्या पेनड्राइव्हला त्यानंतर चार-पाच वर्षांनी बाजारात आलेलं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कंट्रोलर कार्ड) ओळखता येईलच असं नाही. कार्ड बरोबर, डिस्क बरोबर, फक्त दोघांची ओळख करून देणारा ड्रायव्हर नाही, असंही असू शकतं.

कशालाही हात लावण्याआधी

या डिस्कवर कोणाचा डेटा आहे का? हे विचारा, आणि "नसेल बहुतेक" हे उत्तर मानू नका. नवा कोरा सर्व्हर असेल तर प्रश्न नाही. पण जुन्या मशीनवर नवं विंडोज टाकत असाल, कार्ड बदललं असेल किंवा डिस्क दुसऱ्या सर्व्हरमधून आणल्या असतील, तर "इनिशियलाइज", "क्लिअर", "क्लिअर फॉरेन कॉन्फिग" आणि डिस्कपार्टमधला (विंडोजचं डिस्क आखायचं साधन) "क्लीन" हे चार शब्द बॅकअप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाबायचे किंवा टाइप करायचे नाहीत. ड्रायव्हर चुकला तर तासभर जातो. हे चुकलं तर पतसंस्थेच्या खातेदारांच्या नोंदी जातात, दवाखान्यातल्या पेशंटचे रिपोर्ट जातात.

पहिली तपासणी: पेनड्राइव्ह आणि पोर्ट

"मीडिया ड्रायव्हर मिसिंग" हा संदेश पाहून लोक रेड कार्डाचा ड्रायव्हर शोधू लागतात. सेटअपची तक्रार तिथे बहुतेक वेळा वेगळीच असते: ज्या पेनड्राइव्ह, डीव्हीडी किंवा आयएसओवरून मी सुरू झालो, तेच मला आता वाचता येत नाही. सर्व्हर २००८ आर२ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे निळ्या पोर्टात लावलेला पेनड्राइव्ह सुरुवातीला चालतो आणि मधेच गायब होतो. २०१२ पासून हा ड्रायव्हर आत आलेला आहे. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: पेनड्राइव्ह काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टात लावा आणि पुन्हा सुरू करा. पुढच्या पॅनलवरचा पोर्ट चालत नसेल तर मागचा घ्या.

तरी तेच आलं तर आयएसओ अर्धवट डाउनलोड झाला असेल. दुसऱ्या विंडोज मशीनवर "सर्टयुटिल" च्या हॅशफाइल पर्यायाने त्याचा एसएचए-२५६ काढा आणि डाउनलोडच्या पानावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला नाही तर पुन्हा डाउनलोड करून पेनड्राइव्ह नव्याने बनवा. आयड्रॅक (डेल) किंवा आयएलओ (एचपीई) या दुरून सर्व्हर चालवायच्या सोयींच्या व्हर्च्युअल मीडियावरून आयएसओ जोडला असेल आणि मधलं नेटवर्क हळू असेल, तर जोडणी मधेच तुटते आणि संदेश हाच येतो. अशा वेळी सर्व्हरशेजारी जाऊन खराखुरा पेनड्राइव्ह लावणं केव्हाही बरं.

ड्रायव्हरच्या फाइल इन्स्टॉलेशनच्या त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. दोन पेनड्राइव्ह अदलाबदल करताना भलताच निघतो, आणि सेटअप मग आपलंच माध्यम शोधत बसतो.

दुसरी तपासणी: कंट्रोलरला स्वतःला डिस्क दिसते का?

ही तपासणी लोक सर्वात जास्त टाळतात आणि उत्तर सर्वात जास्त वेळा इथेच सापडतं. डेल मशीनवर सुरू होताना एफ२ दाबून सिस्टिम सेटअप, त्यात डिव्हाइस सेटिंग्ज, त्यात पर्क (डेलचं रेड) कार्ड. एचपीईवर एफ९ दाबून सिस्टिम युटिलिटीज. लेनोवोच्या थिंकसिस्टिमवर एफ१. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या: फिजिकल डिस्क किती दिसतात, आणि त्यांच्यावर व्हर्च्युअल डिस्क बनलेली आहे का.

हार्डवेअर रेड कार्ड ऑपरेटिंग सिस्टिमला फिजिकल डिस्क दाखवत नाही, व्हर्च्युअल डिस्क दाखवतं. चार डिस्क बसवलेल्या असतील, चारही हिरव्या असतील, त्यांची स्थिती "रेडी" असेल, पण व्हर्च्युअल डिस्क बनवलेली नसेल, तर सेटअपला काहीच दिसणार नाही. जगातला सर्वात बरोबर ड्रायव्हर टाकला तरी नाही. "ड्रायव्हर लोड होतो पण यादी कोरी" या लक्षणाचं कारण बहुधा हेच असतं. नवीन सर्व्हर असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमसाठी दोन डिस्कची रेड १ (मिरर) बनवा, फास्ट इनिशियलाइज होऊ द्या आणि सेटअप पुन्हा सुरू करा. कार्डाला एचबीए किंवा पास-थ्रू (डिस्क जशाच्या तशा दाखवणारा) मोड असेल आणि तुम्हाला रेड नकोच असेल, तर तो मोड इथूनच लावायचा असतो.

फिजिकल डिस्कच दिसत नसतील तर ड्रायव्हरचा विचार सोडा. तो केबल, बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो बोर्ड) किंवा कार्डाचा मामला आहे. शेवटच्या तपासणीकडे जा. आणि डिस्कच्या नावापुढे "फॉरेन" दिसत असेल, तर त्या डिस्कवर दुसऱ्या कार्डाने बनवलेली रचना आहे, म्हणजे बहुधा डेटाही आहे. तिथेच थांबा.

तिसरी तपासणी: बायॉसमधला मोड

लहान कार्यालयात सर्व्हर म्हणून बऱ्याचदा एंट्री लेव्हलचा टॉवर असतो, कधी तर चांगला डेस्कटॉपच. त्यात वेगळं रेड कार्ड नसतं. मदरबोर्डचा साटा कंट्रोलर एएचसीआय किंवा रेड अशा मोडमध्ये चालतो, आणि तिथला रेड सॉफ्टवेअरने चालतो. डेलची एस मालिका, एचपीईचा एस१००आय आणि इंटेलचा व्हीरॉक हे या गटातले.

मोड एएचसीआय असेल तर विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, डिस्क लगेच दिसतात, पण सुट्या सुट्या. मिरर करायचा होता आणि दोन डिस्क दिसतायत, तर कारण हेच. मोड रेड केला, मिरर बनवला, तर त्या मिररला ओळखणारा ड्रायव्हर सेटअपला द्यावा लागतो. एस१००आय बद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या: तो फक्त युईएफआय मोडमध्ये चालतो, लेगसी बायॉसमध्ये नाही, आणि त्याचा रेड विंडोजपुरता आहे, लिनक्ससाठी साटा एएचसीआयवर ठेवून लिनक्सचाच सॉफ्टवेअर रेड वापरायचा असतो.

एनव्हीएमई डिस्क (थेट पीसीआयवर चालणारी एसएसडी) असेल तर व्हीएमडी (त्या डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) पाहा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या कोअर प्रोसेसरच्या मशीनवर आणि झिऑन स्केलेबल सर्व्हरवर ही सोय असते. व्हीएमडी चालू असेल तर एनव्हीएमई डिस्क त्याच्यामागे राहते आणि विंडोजच्या सेटअपला दिसत नाही. रेड करायचा नसेल तर व्हीएमडी बंद करा. विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर पुरतो. करायचा असेल तर इंटेलचा ड्रायव्हर लागेल.

हे मोड बदलणं रिकाम्या मशीनवरच करायचं. आधीच चालू असलेलं विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं होतं तो बदलला, की पुढच्या सुरुवातीला ७बी ची निळी स्क्रीन ठरलेली.

चौथी तपासणी: सर्व्हरच्या स्वतःच्या सोयीतून इन्स्टॉल करता येतं का?

ब्रँडेड सर्व्हर असेल तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी हे करून पाहा. डेलवर सुरू होताना एफ१० दाबलं की लाइफसायकल कंट्रोलर उघडतो. त्यात "ओएस डिप्लॉयमेंट" निवडा आणि कोणतं विंडोज टाकायचं ते सांगा. तो त्या मशीनला लागणारे ड्रायव्हर "ओईएमडीआरव्ही" नावाच्या ड्राइव्हवर काढून ठेवतो आणि सेटअप ते उचलतो. ही ड्राइव्ह १८ तास राहते, म्हणून आज ड्रायव्हर काढून उद्या संध्याकाळी सेटअप चालवला तर ती गेलेली असते. एचपीईवर एफ१० ने इंटेलिजंट प्रोव्हिजनिंग उघडतं, लेनोवोवर एफ१ मधूनच प्रोव्हिजनिंग मॅनेजर मिळतो.

तुमची विंडोजची आवृत्ती तिथल्या यादीत नसेल, तर तो मोठा इशारा समजा: त्या मशीनसाठी उत्पादकाने ती आवृत्ती धरलेली नाही, किंवा फर्मवेअर फार जुनं आहे. जुन्या सर्व्हरवर नवं विंडोज किंवा नव्यावर जुनं विंडोज टाकायचा हट्ट असेल, तर तो इथेच पुन्हा तपासून घ्या.

पाचवी तपासणी: ड्रायव्हर खरंच त्या कार्डाचा आहे का?

खरी गल्लत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

आधी पॅकेट. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मिळालेली एक्सई फाइल पेनड्राइव्हवर तशीच टाकून चालत नाही. सेटअपला एक्सई चालवायची नसते, त्याला आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या कार्डाचा हे सांगणारी) हवी असते, आणि तिच्याच शेजारी एसवायएस (खुद्द ड्रायव्हर) आणि कॅट (डिजिटल सही) या फाइल. एक्सई दुसऱ्या मशीनवर उलगडा, झिप असेल तर तीही उलगडा. इंटेलच्या पॅकेटात "एफ६" नावाचं काही दिसलं तर तेच घ्या. सर्व्हर २००३ पर्यंत सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, ते नाव अजून टिकून आहे. सर्व्हर २००८ पासून पेनड्राइव्ह चालतो.

उलगडल्यावर आत आवृत्तीनुसार फोल्डर असतात. २०१९ साठी २०१९ चा, २०२२ साठी २०२२ चा. "एएमडी६४" नावाचा फोल्डर पाहून इंटेलच्या मशीनवर काम करणारे थबकतात. ते ६४-बिट रचनेचं नाव आहे, प्रोसेसर इंटेलचा असला तरी तोच घ्यायचा. "एक्स८६" सोडून द्या, सर्व्हर २००८ आर२ पासून विंडोज सर्व्हर ६४-बिटच आहे.

आता कार्डाची ओळख. डब्यावर काय छापलंय ते विंडोज वाचत नाही. ते वाचतं दोन आकडे, व्हेंडर आयडी आणि डिव्हाइस आयडी. डब्यावर एक कंपनी आणि आत चिप दुसरीची, हे सर्रास असतं. डेलचं पर्क एच७३० बाहेरून डेलचं, पण आत मेगारेडची ३१०८ चिप. तिचा व्हेंडर १००० आणि डिव्हाइस ००५डी. १००० हा एलएसआयचा क्रमांक, जी कंपनी २०१४ मध्ये अवॅगोने घेतली आणि २०१६ पासून ब्रॉडकॉम नावाखाली आहे. एचपीईच्या जेन१० मधल्या पी४०८आय कार्डाचा व्हेंडर ९००५ निघतो, तो अॅडॅप्टेकचा. इंटेलचा ८०८६. म्हणून "एचपीचा ड्रायव्हर दे" असं मागून काम होत नाही.

हे आकडे मिळवायचा माझा आवडता मार्ग म्हणजे कुठल्याही लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह. त्यावरून सुरू करा, टर्मिनलमध्ये "एलएसपीसीआय" ला "एनएन" हा पर्याय देऊन चालवा, आणि रेड किंवा सॅस कंट्रोलरच्या ओळीत चौकोनी कंसातले आकडे लिहून घ्या. डिस्कला धक्का लागत नाही, पैसे लागत नाहीत. आयड्रॅक किंवा आयएलओच्या इन्व्हेंटरीतही कार्डाचं नेमकं नाव मिळतं.

मग विंडोज सेटअपमध्ये परत या आणि शिफ्ट व एफ१० एकत्र दाबा. काळी खिडकी उघडते, समोर एक्स ड्राइव्ह. "नोटपॅड" टाइप करा. इथेही नोटपॅड चालतं. फाइल, ओपन, खाली फाइलचा प्रकार "ऑल फाइल्स" करा आणि पेनड्राइव्हवरची आयएनएफ फाइल उघडा. कंट्रोल-एफ ने तुमचा डिव्हाइस आयडी शोधा. "पीसीआय, व्हेन १०००, डेव्ह ००५डी" अशी ओळ सापडली तर फाइल तुमच्या कार्डाची आहे. नाही सापडली तर ही फाइल कितीही वेळा लोड करा, काही होणार नाही. दुसरा ड्रायव्हर शोधा.

ओळ सापडली तरी एक गोष्ट राहते. त्याच फाइलमध्ये वर "मॅन्युफॅक्चरर" हा मथळा आहे. त्याखाली एनटी एएमडी६४, १०.०, तीन टिंबं आणि मग १४३९३ किंवा १७७६३ असा आकडा असतो. हा विंडोजचा किमान बिल्ड (आवृत्तीचा क्रमांक). सर्व्हर २०१६ म्हणजे १४३९३, २०१९ म्हणजे १७७६३, २०२२ म्हणजे २०३४८, २०२५ म्हणजे २६१००. फाइलमध्ये फक्त १७७६३ असेल आणि तुम्ही २०१६ टाकत असाल, तर कार्ड जुळूनही सेटअप तो ड्रायव्हर नाकारेल. त्या जागी १०.० नंतर लगेच १ असेल तर तो ड्रायव्हर वर्कस्टेशनसाठी, म्हणजे विंडोज १० किंवा ११ साठी बांधलेला आहे. सर्व्हरसाठी ३ लागतो किंवा काहीच लिहिलेलं नसावं लागतं. डेस्कटॉपवर चाललेला ड्रायव्हर सर्व्हरवर का चालत नाही, याचं उत्तर या एका आकड्यात असू शकतं.

आयएनएफमध्ये हाताने आकडे बदलून ड्रायव्हर "चालवून" देणारे लोक भेटतील. करू नका. फाइल बदलली की कॅट फाइलमधली सही जुळत नाही, आणि सही तपासणं बंद करून बूट डिस्कचा ड्रायव्हर टाकणं म्हणजे ज्या सर्व्हरवर लोकांचा हिशेब राहणार आहे त्याचा पायाच कच्चा ठेवणं.

सहावी तपासणी: लोड करण्याची पद्धत

डिस्कच्या पानावर लोड ड्रायव्हर, ब्राउज, आणि आयएनएफ ज्या फोल्डरमध्ये थेट आहे तोच फोल्डर निवडा. "या मशीनशी न जुळणारे ड्रायव्हर लपवा" ही खूण आधी तशीच ठेवा. यादी रिकामी आली तरच ती काढून पाहा, तीही निदानासाठी: आता नाव दिसलं तर फाइल वाचली जातेय पण कार्डाशी जुळत नाही, आणि आताही काहीच दिसलं नाही तर फोल्डर चुकीचा आहे. खूण काढून दिसलेला भलता ड्रायव्हर जबरदस्तीने टाकायचा नाही.

लोड झाल्यावर रिफ्रेश दाबा. तरी काही दिसलं नाही तर काळ्या खिडकीत "डिस्कपार्ट" चालवा, मग "रीस्कॅन", मग "लिस्ट डिस्क". इथे डिस्क दिसली तर ड्रायव्हर काम करतोय. ती ऑफलाइन किंवा रीड-ओन्ली असेल तर "सिलेक्ट डिस्क" करून "ऑनलाइन डिस्क" आणि "अॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली" द्या. "क्लीन" नको, कारण वर सांगितलंय. "डिस्कवर एमबीआर आहे, जीपीटी हवी" असा संदेश आला तर ड्रायव्हरचा विषय संपला. मशीन युईएफआयवर चालतंय आणि डिस्क जुन्या पद्धतीने आखलेली आहे. डिस्क रिकामी असल्याची खात्री असेल तर जुनी पार्टिशन काढून पुढे जा.

काळ्या खिडकीतून "ड्रव्हलोड" ने आयएनएफ लोड करता येते आणि ती नाकारली तर निदान कारण तरी कळतं. निदानासाठी ते छान आहे, पण प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनसाठी लोड ड्रायव्हरच वापरा. ड्रव्हलोडने दिलेला ड्रायव्हर फक्त त्या वेळच्या विंडोज पीईत राहतो. नव्या विंडोजमध्ये तो उतरेलच असं नाही. पहिल्या रीस्टार्टला ७बी येण्याचं हे एक कारण असू शकतं.

मशीनची तारीखही एकदा पाहून घ्या. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि सहीचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून सुरूच झालेलं नसतं. सेल स्वस्त आहे, बदलून टाका.

व्हर्च्युअल मशीन असेल तर

प्रॉक्समॉक्स किंवा केव्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर) व्हर्टआयओ-विनचा, म्हणजे तिथल्या विंडोजसाठीच्या ड्रायव्हरांचा, आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा. डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर असेल तर "व्हीआयओस्कझी" फोल्डर, व्हर्टआयओ ब्लॉकवर असेल तर "व्हीआयओस्टोर". त्यात "२के१९" किंवा "२के२२", त्यात एएमडी६४. बहुतेक गोंधळ या दोन नावांतलाच असतो. सीडी ड्राइव्ह एकच असेल आणि ड्रायव्हरसाठी आयएसओ बदलला असेल, तर डिस्क दिसते पण "इथे टाकता येणार नाही" म्हणते. विंडोजचा आयएसओ परत लावून रिफ्रेश दाबा, काम होतं. व्हीएमवेअरवर पॅराव्हर्च्युअल स्कझीचा ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्सच्या आयएसओत मिळतो. घाई असेल तर आधी एलएसआय लॉजिक सॅस कंट्रोलर घ्या, त्याला बहुतेक आवृत्त्यांत वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ आणि त्यावर आधारलेल्या वितरणांनी जुन्या कार्डांचा आधार काढून घेतला. पर्क एच३१० सारखं कार्ड ७ वर दिसतं आणि ८ वर दिसत नाही, ते त्यामुळे. ईएलरेपोकडून (या लिनक्ससाठी जादा ड्रायव्हर देणारा प्रकल्प) त्या कार्डाची ड्रायव्हर डिस्क घ्या, "ओईएमडीआरव्ही" असं लेबल दिलेल्या पेनड्राइव्हवर लिहा, म्हणजे इन्स्टॉलर ती स्वतः उचलतो. पण जुन्या कार्डासाठी दर कर्नल अपडेटला ही काळजी वाहायची का, याचा विचार आधी करा. कार्ड बदलणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

सातवी पायरी: ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्येच मुरवणं

एकाच प्रकारचे अनेक सर्व्हर असतील, किंवा ७बी वारंवार येत असेल, तर दुसऱ्या विंडोज मशीनवर डिस्म (विंडोजच्या इमेज बदलायचं साधन) वापरून ड्रायव्हर आयएसओतल्या विम फाइलींमध्ये (विंडोजच्या इमेज फाइल) घाला. बूट डॉट विममध्ये दोन इंडेक्स (आतल्या इमेज) असतात. सेटअप दुसऱ्यातून चालतो, मी दोन्हींत घालतो. इन्स्टॉल डॉट विममध्ये जी एडिशन टाकणार तिच्या इंडेक्समध्येही घालावाच लागतो, कारण रीस्टार्टनंतर चालणारं विंडोज तेच. माउंट-इमेज, अॅड-ड्रायव्हर रिकर्ससह, मग अनमाउंट-इमेज कमिटसह. कमिट विसरलात तर सगळी मेहनत जाते. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल आणि इन्स्टॉल डॉट विम ४ जीबीच्या वर गेली, तर डिस्मच्याच स्प्लिट-इमेजने तिचे तुकडे करा.

शेवटची तपासणी: झाकण उघडून

कंट्रोलरच्या स्क्रीनवर फिजिकल डिस्क दिसत नसतील, किंवा कार्डाचंच नाव येत नसेल, तेव्हाच. मशीन बंद करा, पॉवर केबल काढा (दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही), अर्थिंगचा मनगटपट्टा लावा. कार्डापासून बॅकप्लेनपर्यंत जाणारी मिनी-सॅस केबल दोन्ही टोकांना काढून टक आवाज येईपर्यंत परत बसवा. प्रवासात हलून ती सैल झालेली असते. कार्ड रायझरवर (कार्ड आडवं बसवायच्या जोडबोर्डवर) असेल तर रायझरसकट काढून बसवा. वॉरंटीचं सील दिसलं तर हात लावू नका, आधी कॉल नोंदवा.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः प्रयोग करू नका, अधिकृत सर्व्हिस इंजिनिअरला किंवा डेटा रिकव्हरी जाणणाऱ्याला बोलवा.

डिस्क "फॉरेन", "फेल्ड" किंवा "मिसिंग" दिसतायत आणि त्यांच्यावर डेटा असू शकतो. कार्ड "प्रिझर्व्हड कॅश" किंवा "पिन्ड कॅश" असं सांगतंय. म्हणजे डिस्कवर न पोहोचलेला डेटा अजून कार्डाच्या मेमरीत आहे आणि "डिस्कार्ड" दाबलं की तो गेला. कार्डाची बॅटरी फुगलेली आहे. केबल नीट बसवूनही कार्ड सुरुवातीच्या स्क्रीनवर येत नाही. डेटा असलेल्या कार्डाचं फर्मवेअर बदलायची वेळ आली आहे आणि बॅकअप नाही. आणि उत्पादकाच्या यादीत तुमचं कार्ड व तुमची विंडोज आवृत्ती ही जोडीच नसेल, तेव्हाही. तिथे ड्रायव्हर शोधत रात्र घालवण्यापेक्षा कार्ड किंवा आवृत्ती बदलायचा निर्णय मालकाकडून घ्या.

कॉल नोंदवताना सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर, कार्डाचं नाव आणि व्हेंडर-डिव्हाइस आयडी, कार्डाची फर्मवेअर आवृत्ती, विंडोजचा बिल्ड, वापरलेल्या आयएनएफचं नाव आणि स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो एवढं जवळ ठेवा. सेटअपचे लॉग एक्स ड्राइव्हवर विंडोजच्या पँथर फोल्डरमध्ये असतात, आणि ड्रायव्हर का नाकारला हे विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधल्या सेटअप-एपीआयच्या लॉगमध्ये असतं. एक्स ड्राइव्ह रॅममध्ये आहे, रीस्टार्ट केलं की दोन्ही गेले. म्हणून काळ्या खिडकीतून ते पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि मगच मशीन बंद करा.